नाशिकमधली किती मुलं 'टेन्शन'मध्ये? मोजायचं कसं, आणि मोजून पुढे काय?

गोदाकाठची_रेवती (मंगळवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी नाशिकमध्ये एमडी करतेय. विषय जनवैद्यकशास्त्र (एका रुग्णाऐवजी अख्ख्या वस्तीचं आरोग्य बघणारी शाखा), आमच्या बोलीत पीएसएम. (हो, तीच शाखा, जिच्याबद्दल मावश्या विचारतात, "मग दवाखाना कधी टाकणार?") थिसिसचा विषय: शाळा-कॉलेजात जाणाऱ्या ११ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आरोग्याच्या नेहमीच्या तक्रारी किती आढळतात. म्हणजे चिंता, उदासी, चिडचिड-मारामाऱ्या, एका जागी न बसणं वगैरे. पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायचाय. गाईड म्हणतात, ६०० मुलं घे, प्रश्नावली भरून घे, सहा महिन्यांत उरक.

वाचायला बसले आणि पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजार असलेले ७.३ टक्के निघाले. (१२ राज्यं घेतली होती, त्यात महाराष्ट्र नाहीच.) जागतिक आरोग्य संघटना म्हणते, १० ते १९ वयात दर सातांतला एक. आणि २०१४ मध्ये मल्होत्रा आणि पात्रा यांनी भारतातले आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर वस्तीत जाऊन केलेल्या अभ्यासांत ६.४६ टक्के आणि शाळांत केलेल्या अभ्यासांत २३.३३! देश एक, वय तेच. शाळेच्या फाटकातून आत शिरलं की आजार साडेतीन पट होतो का?

तर विचारायचंय असं, की तुमच्या घरातल्या मुलांना असा कागद दिला तर ती खरं लिहितील का? शिक्षक, पालक, डॉक्टर, कुणीही सांगा. मी वापरणार ती प्रश्नावली एसडीक्यू नावाची आहे. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये केलेली, पंचवीस वाक्यं, प्रत्येकापुढे 'खरं नाही', 'थोडंफार खरं', 'नक्कीच खरं' यापैकी एकावर खूण करायची. सोबत उदासीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी लावायचा विचार आहे.

झणझणीत_सातपूर (मंगळवार, रात्री १०:५८)

धागा वाचून लगेच नववीतल्या चिरंजीवांना विचारलं, "काय रे, तुला टेन्शन आहे का?" म्हणाला, "पप्पा, तुम्ही असं अचानक प्रेमाने विचारलं की येतं."

कॉलेजरोडी (मंगळवार, रात्री ११:१५)

सगळं मोबाईलमुळे. सर्व्हे कशाला हवा? घरातलं वायफाय बंद करा, आठ दिवसांत टक्के खाली येतात की नाही बघा.

आकडेमोड (मंगळवार, रात्री ११:५०)

कॉलेजरोडी, वायफाय बंद केल्यावर तुमच्या घरातले टक्के वर जातील, एवढं मी लिहून देतो.

रेवती, तुमच्या साडेतीन पटीबद्दल. मी डॉक्टर नाही, आकड्यांवर पोट भरणारा माणूस आहे. प्रश्नावली ही चाळणी आहे, तराजू नव्हे. समजा १००० मुलं आहेत आणि त्यातल्या ७० जणांना खरंच त्रास आहे, म्हणजे ७ टक्के. तुमची चाळणी बऱ्यापैकी चांगली आहे असं धरू: त्रास असलेल्या शंभरातले ८० ती पकडते आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडून देते. आता हिशोब करा. ७० पैकी ५६ सापडले. उरले ९३०. त्यातली २० टक्के, म्हणजे १८६ मुलं, काही नसताना चाळणीत अडकली. एकूण अडकले २४२. तुम्ही थिसिसमध्ये लिहिणार '२४.२ टक्के मुलांमध्ये मानसिक समस्या', आणि खरे होते सात.

आता परत तुमचे दोन आकडे बघा, ६.४६ आणि २३.३३. सगळा फरक याचाच असा माझा दावा नाही. माणसं वेगळी, गावं वेगळी, साधनं वेगळी. पण नुसत्या चाळणीने एवढी उडी पडू शकते हे कागदावर दिसतंच. पकडलेल्या चौघांतला जेमतेम एक खरा.

मी_अनघा (बुधवार, सकाळी ७:२०)

आकडेमोड, हे इतकं सोपं आमच्या बीएडला कुणी सांगितलं असतं तर संख्याशास्त्रात एटीकेटी लागली नसती. दंडवत.

नाना_निफाडकर (बुधवार, सकाळी ८:०५)

डॉक्टरबाई, राग मानू नका. आमच्याकडं गारपीट झाली की तिसऱ्या दिवशी तलाठी येतो, बागेत उभा राहून फोटो काढतो, 'इतके टक्के नुकसान' लिहून नेतो. त्याला पंचनामा म्हणतात. पंचनामा झाला म्हणजे भरपाई आली असं माझ्या साठ वर्षांत फार थोड्या वेळा झालं. तुम्ही पोरांचा पंचनामाच करणार ना? टक्के लिहिणार, डिग्री घेणार, नाशिक सोडून जाणार. पोराचं काय?

आणि दुसरं, आमच्या वेळी हे आजार नव्हते असं मी म्हणणार नाही. होते. आमच्या वर्गातला एक जण दहावीच्या आधी बोलायचाच थांबला. त्याला देवऋष्याकडं नेलं, मग लग्न लावून दिलं. मोजलं कुणी नाही इतकंच. पण मोजून तरी काय झालं असतं?

झणझणीत_सातपूर (बुधवार, सकाळी ८:४०)

नानांनी सकाळी सकाळी तर्री ओतली.

गोदाकाठची_रेवती (बुधवार, दुपारी २:१०)

नाना, राग नाही आला. उत्तर नाही म्हणून गप्प बसले होते. माझ्या सिनॉप्सिसमध्ये 'पुढे काय' या मथळ्याखाली सध्या एक ओळ आहे: 'गरजूंना योग्य ठिकाणी पाठवण्यात येईल.' योग्य ठिकाण कुठलं, कोण पाठवणार, गाडीभाडं कोण देणार, काही लिहिलेलं नाही. ही ओळ मी आधीच्या एका थिसिसमधून जशीच्या तशी उचललीय. त्यांनीही कुठून तरी उचलली असेल.

मास्तरीण_सुरगाणा (बुधवार, रात्री ९:३०)

मी आश्रमशाळेत शिकवते, चौदा वर्षं झाली. रेवतीताई, तुमचा धागा वाचून कालपासून डोक्यात घोळतंय ते सांगते.

पहिली गोष्ट भाषेची. मागे एकदा असाच एक कागद आमच्याकडे आला होता. त्यात होतं, 'तुला वारंवार उदास वाटते का?' सातवीतल्या एका पोरीने हात वर केला, "बाई, उदास म्हंजे उपास का?" अख्खा वर्ग हसला आणि मग सगळ्यांनीच 'नाही' वर खूण केली. आमची मुलं घरी कोकणी बोलतात (गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची बोली). पुस्तकातली मराठी त्यांना कळते, पण दुखतं ते पुस्तकातल्या मराठीत दुखत नाही. ती म्हणतात, पोटात गोळा येतो. जीव घाबरतो. डोकं जड झालंय. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द, 'करमत नाही'. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आली की पहिले पंधरा दिवस वसतिगृहात रात्री हेच. आता मला सांगा, 'करमत नाही' हे तुमच्या पंचवीस वाक्यांत कुठे बसतं? आजार म्हणावा तर सहा वर्षांचं लेकरू आईपासून लांब आहे, त्याला करमणार कसं? आजार नाही म्हणावं तर त्यातलीच एखादी डिसेंबरातही जेवत नसते.

दुसरी गोष्ट, मी वर्गात उभी असताना ती खरं लिहिणार नाहीत. मी चांगली आहे असं माझं मत आहे, तरी नाही लिहिणार. कागद भरताना शिक्षकाला बाहेर काढा. शिपायालाही.

आणि तिसरी. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास असेल ती तुम्हाला शाळेत सापडणारच नाहीत. माझ्या आठवीतले दोघे दिवाळीनंतर आलेच नाहीत. आईबाप पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेत, हेही गेले. हजेरीपटावर त्यांची नावं अजून आहेत. तुमच्या '६०० शाळकरी मुलां'मध्ये ते कुठे?

कॉलेजरोडी (बुधवार, रात्री १०:०२)

करमत नाही... खरंच, किती वर्षांनी ऐकला हा शब्द. माझी मुलगी 'बोअर होतंय' म्हणते, मी ऐकून सोडून देतो. आजी 'करमत नाही' म्हणाली की आम्ही लगेच कुणाला तरी तिच्याजवळ बसायला पाठवायचो.

बारावी_सायन्स (बुधवार, रात्री ११:४४)

मी सतरा वर्षांचा आहे, म्हणजे तुमचा तो 'नमुना'. आम्ही हे फॉर्म कसे भरतो ते सांगतो, कारण इथे सगळे काका-काकूच बोलतायत.

एका बाकावर दोघं. शेजारचा विचारतो, "सातव्याचं काय टाकलं?" जणू एमसीक्यूच. मग दोघांचं सेम. मागच्या बाकावर दोन जण सगळीकडे 'नक्कीच खरं' मारतात, मजा म्हणून. टॉपर पोरं विचार करतात की हे कॉलेजच्या रेकॉर्डला जाणार का, आणि सेफ उत्तर देतात. आणि 'मला निदान एक तरी चांगला मित्र आहे' असं वाक्य असतं. अहो, मित्र शेजारी बसून माझ्या कागदात बघतोय. त्याच्यासमोर 'खरं नाही' कसं टाकू?

आणि झोप, थकवा, लक्ष न लागणं. सकाळी साडेसहाला क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास, रात्री टेस्ट सिरीज. 'गेल्या दोन आठवड्यांत थकल्यासारखं वाटलं का?' बारावीत सगळ्यांनाच वाटतं. हे डिप्रेशन आहे की टाइमटेबल?

खरं लिहिणारे असतात. पण ते घाईघाईने भरतात आणि कागद उलटा करून ठेवतात. तुम्हाला बघायचं असेल तर कागद कोण उलटा ठेवतं ते बघा.

आकडेमोड (गुरुवार, सकाळी ६:५५)

बारावी_सायन्स, तू नमुना नाहीस, तू परीक्षक आहेस. शेवटच्या ओळीला माझ्याकडून शंभरपैकी शंभर.

टाइमटेबलच्या मुद्द्यावरून: पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, एसडीक्यू गेल्या सहा महिन्यांबद्दल. पीएचक्यू-९ फेब्रुवारीत, बोर्डाच्या तोंडावर दिलीत तर एक आकडा येईल, जुलैत दिलीत तर दुसरा. दोन्ही खरे, पण 'नाशिकमध्ये इतके टक्के' असं लिहिताना महिना लिहायला विसरू नका.

अजून एक, वर्तमानपत्रांनी केलेल्या गमतीबद्दल. २०२२ मध्ये एनसीईआरटीने देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांवर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. त्यात ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते आलं '८१ टक्के मुलं मानसिक रुग्ण' म्हणून. कशाची चिंता वाटते हे विचारणं वेगळं, चिंतेचा आजार असणं वेगळं. मला विचाराल तर बोर्डाची चिंता न वाटणाऱ्या बाकीच्यांकडे जरा लक्ष द्यायला हवं.

इंदिरानगरची_आई (गुरुवार, दुपारी १२:३०)

लिहू की नको असा विचार करत होते.

माझी मुलगी नववीत असताना शाळेने असाच एक फॉर्म मोबाईलवर पाठवला. शाळेचं नाव लिहीत नाही. फॉर्मवर नाव आणि रोल नंबर टाकायचा होता. तिने खरं लिहिलं, की झोप लागत नाही, रडू येतं. मला त्याआधी माहीत नव्हतं, हे पण कबूल करते. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका वर्गात येऊन म्हणाल्या, "ज्यांनी ज्यांनी झोप लागत नाही असं लिहिलंय त्यांनी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये यायचं, मॅडम आल्यात समुपदेशनाला." आणि नावं वाचली. अकरा मुली उठल्या. माझी बसून राहिली, बाजूच्या मुलीला म्हणाली, मी चुकून टिक केलं होतं.

हेतू वाईट नव्हता हो. समुपदेशक बोलावली होती, ती चांगलीही असेल. पण माझी मुलगी त्यानंतर कुठल्याच फॉर्मवर खरं लिहीत नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हासुद्धा पहिल्या दोन खेपा 'सगळं छान' म्हणत राहिली. आता बरी आहे. पण त्या एका मधल्या सुट्टीने आमचे चार महिने खाल्ले.

मी_अनघा (गुरुवार, दुपारी १:०५)

वाचून पोटात तुटलं. ताई, मुलीला खूप प्रेम.

डॉ_भटका (गुरुवार, रात्री १०:२०)

मी मानसोपचारतज्ज्ञ. नाशिक रोडला ओपीडी करतो. रेवती, तुझ्यासाठी लिहितोय, एकेरी चालेल ना? माझी मुलगी तुझ्या वयाची.

इंदिरानगरच्या ताईंनी लिहिलं ते तुझ्या एथिक्स कमिटीसमोर मोठ्याने वाच. सगळा अडचणीचा गाभा त्यात आहे. कागद निनावी ठेवला तर पोरं खरं लिहितील, पण मग ज्याने नवव्या प्रश्नावर खूण केली त्याला शोधणार कसा? पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. (असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते शिरतं ही भीती खोटी आहे, पालक विचारतील तेव्हा ठामपणे सांग. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटकेचा श्वास टाकलेली पोरं मी पाहिलीत.) पण विचारायचं असेल तर त्याच दिवशी, पोरं घरी जायच्या आत, सगळे नववे प्रश्न डोळ्यांखालून घालायची तयारी हवी. गठ्ठा बांधून हॉस्टेलला नेऊन रविवारी एक्सेलमध्ये भरू, असं चालणार नाही. तेवढं जमणार नसेल तर तो प्रश्न विचारूच नकोस.

मार्ग मधला आहे. कागदावर नाव नाही, फक्त संकेतांक. कुठला संकेतांक कोणाचा ही यादी वेगळी, तुझ्या कुलपात, शाळेला द्यायची नाही. आणि हे मुलांना आधी सांगायचं: "शिक्षक, आईबाबा वाचणार नाहीत. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी तुझ्याशी बोलेन आणि घरच्या एका मोठ्या माणसाला सांगेन, कोणाला ते आपण दोघं ठरवू." असं सांगितलं की खरं लिहिणारे थोडे घटतात. घटू देत. खोटं वचन देण्यापेक्षा बरं. आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांना वर्गातून एकेकटं उठवायचं नाही. त्यांच्यासोबत दोन-चार काही न निघालेले पण बोलाव, वजन-उंची घ्यायला म्हणून. पीएसएमवाल्यांकडे वजनकाटा असतोच.

संमतीचं तुला माहीत असेल, तरी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं: पालकांची लेखी संमती, आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकार वेगळा. मुलगा 'नको' म्हणाला तर बापाची सही असूनही नको.

नानासाहेब, तुमच्या पंचनाम्यावर. राष्ट्रीय सर्वेक्षणातच निघालंय की वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारापर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. ते मोजलं नसतं तर सरकारला दाखवायला काय होतं? आज १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर चोवीस तास चालतो, ऑक्टोबर २०२२ पासून, मराठीत बोलता येतं. पुरेसं आहे का, तर नाही. पण पंचनामाच नसेल तर भरपाईचा अर्जसुद्धा करता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नाना_निफाडकर (शुक्रवार, सकाळी ८:१५)

डॉक्टर, अर्ज करता येतो हे मान्य. मंजूर झाला की कळवा.

झणझणीत_सातपूर (शुक्रवार, सकाळी ८:५०)

अवांतर: नाशिक रोडला ओपीडी म्हणजे डॉक्टर, तुम्हाला जेल रोडची ती मिसळ माहीत असणार. पाव की ब्रेड, एवढाच प्रश्न आहे. उत्तर निनावी ठेवू.

डॉ_भटका (शुक्रवार, सकाळी ९:३०)

पाव. ॲसिडिटीचं प्रमाण किती, याचा सर्व्हे वेगळ्या धाग्यात.

कॉलेजरोडी (शुक्रवार, सकाळी ११:१०)

मोबाईलचा मुद्दा सगळ्यांनी सोयीस्कर गिळला. तुमच्या सर्व्हेत 'रोज किती तास मोबाईल' एवढा एक प्रश्न घाला. आकडाच बोलेल.

आकडेमोड (शुक्रवार, दुपारी ३:००)

घाला, हरकत नाही. पण एकदाच केलेल्या पाहणीत आकडा एवढंच बोलेल की जास्त मोबाईल आणि जास्त उदासी एकाच मुलात दिसतात. मोबाईलमुळे झोप उडाली की झोप लागत नाही म्हणून मोबाईल हातात घेतला, हे सांगायला तीच मुलं वर्षभराने परत गाठावी लागतात. एका फोटोवरून गाडी पुढे चाललीय की रिव्हर्स, ते कळत नाही.

रेवती, ६०० चा आकडा तुमच्या गाईडनी कुठून आणला ते मला वाटतं सापडलं. तुमच्याकडचं ते लाडकं सूत्र, चार पी क्यू भागिले एल वर्ग (पी म्हणजे अपेक्षित टक्के, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, एल म्हणजे चालणारी चूक). पी २३ धरला, चूक ५ टक्क्यांची चालेल म्हटलं, तर ४ × २३ × ७७ भागिले २५, म्हणजे २८४. एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात (बारावी_सायन्सने सांगितलंच, शेजारचं बघून लिहितात), म्हणून दुप्पट, ५६८. थोडे गैरहजर धरून सहाशेच्या वर. पण हे चाळणीच्या टक्क्यासाठी झालं. खरा आजार ७ टक्के असेल तर ५ टक्क्यांची चूक म्हणजे २ ते १२ च्या मध्ये कुठेही. त्याला उत्तर म्हणत नाहीत. चूक २ टक्क्यांवर आणायची तर ६५१, आणि दुप्पट १३०२.

अजून एक पाचर. एसडीक्यूत २० किंवा जास्त गुण म्हणजे 'ॲबनॉर्मल', १६ ते १९ सीमेवर. या रेषा मुळात इंग्लंडातल्या मुलांवर बेतून अशा आखल्या आहेत की तिथली साधारण १० टक्के मुलं पलीकडे जावीत. ती रेषा सुरगाण्यात तशीच लागू पडेल, हे कुणी ठरवलं?

मास्तरीण_सुरगाणा (शुक्रवार, रात्री ९:००)

आमच्याकडे पावसाळ्यात मोरीच्या पलीकडे शाळा भरत नाही, तिथे इंग्लंडची रेषा काय लागू पडणार.

गोदाकाठची_रेवती (रविवार, संध्याकाळी ६:२०)

सगळ्यांचे आभार मानायच्या आधी एक कबुली.

शनिवारी एका शाळेत ३० मुलांवर रंगीत तालीम केली. रात्री गुण मोजले तर सगळ्यात जास्त त्रास कोणाला? वर्गाच्या मॉनिटरला. अभ्यासू, शांत, सगळ्यांचा लाडका पोरगा. मी घाबरले, भटका सरांना मेसेज टाकायला घेतला. मग लक्षात आलं, पंचवीसातली पाच वाक्यं उलटी मोजायची असतात. 'मी सहसा सांगितलेलं ऐकतो', 'हातातलं काम पूर्ण करतो', 'एक तरी चांगला मित्र आहे', अशी. मी ती सरळ मोजली. बिचाऱ्याच्या प्रत्येक चांगल्या गुणाचे दोन-दोन दंडाचे गुण. उलटं केल्यावर दहा गुण एका झटक्यात खाली. मॉनिटर सुखरूप. पण हे ६०० जणांचं सहा महिन्यांनी कळलं असतं तर? आणि ज्या थिसिसमधून मी ती ओळ उचलली, त्यात हे कुणी तपासलं होतं का, ते आता मला बघवत नाही.

दुसरं म्हणजे, बारावी_सायन्स, मी कागदांकडे बघत होते. चौघांनी उलटे ठेवले. शिक्षक बाहेर होते, एका बाकावर एकच मूल बसवलं होतं. प्रश्न मी मोठ्याने वाचले आणि मध्ये थांबत गेले. चौघांपैकी दोघांचे गुण सोळाच्या खाली आहेत, म्हणजे चाळणीच्या मते ठीक. तरी वजन-उंचीच्या निमित्ताने चौघांशीही बोलले. एकीने वजनकाट्यावर उभं असतानाच सांगायला सुरुवात केली. ते इथे लिहीत नाही. तिच्या मावशीशी, तिनेच नाव सांगितलं, बोलणं झालंय.

आता गाईडकडे काय घेऊन जाणार आहे. संख्या ६०० च ठेवते, १३०० माझ्याने एकटीने होणार नाहीत. पण दोन टप्पे करते. चाळणीत अडकलेले सगळे, आणि न अडकलेल्यांतला दर दहावा, यांची समोर बसून मुलाखत. आकडेमोडांच्या हिशोबाने २४ टक्के अडकले असं धरलं तर १४४ अधिक ४६, म्हणजे १९०. एकाला चाळीस मिनिटं धरली तरी सव्वाशे तास. सहा महिन्यांत होणार नाही, हे मी आधीच सांगणार आहे. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांसाठी परत जाणार. थिसिसमध्ये चाळणीचा टक्का आणि मुलाखतीचा टक्का वेगवेगळे छापणार, आणि ७ च्या आसपास चूक मोठी आहे हे स्वच्छ लिहिणार.

नाना, 'योग्य ठिकाणी पाठवण्यात येईल' ही ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलंय: आठवड्यातला कुठला वार, कुठली ओपीडी, कोण सोबत जाणार. भटका सरांनी गुरुवारची दुपार दिलीय. गाडीभाड्याचं अजून जमलेलं नाही.

आणि सुरगाण्याच्या बाईंचे ते दोघे डोक्यातून जात नाहीत. विषयात 'शाळा-कॉलेजात जाणारी' हे शब्द आहेत, ते बदलले तर विद्यापीठाकडे परत मंजुरी. तरी थिसिसच्या बाहेर का होईना, बागांवरच्या पंचवीस-तीस मुलांशी बोलायचंय. नाना, तुमच्याकडे येऊ का?

डॉ_भटका (रविवार, रात्री ८:४५)

गाईड ओरडले तर मला फोन कर. आम्ही एका बॅचचे असू शकतो.

बारावी_सायन्स (रविवार, रात्री ११:३०)

मॉनिटरला सांगू नका की तो टॉपला होता. तो त्याचं पण टेन्शन घेईल.

नाना_निफाडकर (सोमवार, सकाळी ७:४०)

या. माझ्या बागेवर सध्या तीन कुटुंबं आहेत, शेजारच्या दोन बागा धरल्या तर तुम्हाला हवी तेवढी पोरं होतील. दिवसा येऊ नका, दिवसा ती आईबापाबरोबर कामात असतात आणि मला तुमच्यासमोर लाज वाटेल. संध्याकाळी सहानंतर या, चुली पेटायच्या आधी. लाईट शेडमध्ये आहे. बाई, सुरगाण्याची पोरं असतील तर त्यांची नावं मला खासगीत पाठवा, मी बघतो इथं आहेत का.

डॉक्टरबाई, पेनं मात्र जास्तीची आणा. पोरं परत द्यायची नाहीत.